धुळीची समसमान वाटणी

ही हकिकत सांगायला लागलो की काही माणसं माझ्याकडे बघतात आणि काही घड्याळाकडे. विश्वास मात्र आजवर एकानेही ठेवलेला नाही. तुम्हीही ठेवणार नाही, हे मी आधीच लिहून देतो. लिहून देतो म्हणजे आपलं म्हणायचं; लिहितेय सूनबाई. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी थेंब घालून डोळे मिटून पडायला सांगितलंय, आणि वाचनालयाच्या बाईंना फलकावर लावायला मजकूर आजच हवाय. त्या म्हणाल्या, "आजोबा, त्या सामन्याच्या दिवशी नेमकं काय झालं ते एकदा लिहूनच द्या. येणारा-जाणारा विचारतो. मी तरी रोज नवीन काय सांगू?"

म्हणून मी बोलतोय आणि सूनबाई टाइप करतेय. तिला बजावून ठेवलंय, मी बोलेन तेवढंच लिहायचं, पदरची भर घालायची नाही. भर घालायला मी खंबीर आहे.

"बाबा, हेही लिहू?"

"लिही."

तर निवृत्त झाल्यावर माणसाने काहीतरी छंद लावून घ्यावा असं सगळेच सांगतात. पण तो छंद जेवणाच्या टेबलावर मांडावा असं कोणी सांगत नाही. मी पाणीपुरवठा खात्यात बिलं काढणारे प्रोग्राम लिहायचो. घरी बसल्यावर बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम लिहायला घेतला. थोरला मुलगा नोकरीला लागून मोकळा झाला होता, म्हणून याचं नाव ठेवलं धाकटा. माझ्या हातचा असल्याने त्याच्या अंगात खात्याचा स्वभाव पुरेपूर उतरला आहे. समोरच्याने नुसतं प्यादं एक घर सरकवलं तरी हा आधी प्रकरण मुळापासून तपासतो, मग निर्णय लांबणीवर टाकतो, आणि अगदीच गळ्याशी आलं की उंट मागे घेतो.

हा धाकटा राहायचा जेवणाच्या टेबलावर, माझ्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये. त्याच्याभोवती वायरी, पुस्तकं, माझा चष्मा आणि माझा दुसरा चष्मा. घरची मंडळी ताटं मांडीवर घेऊन जेवायची. आमच्या हिने बरीच वर्षं ते सोसलं. सोसलं म्हणजे रोज बोलून दाखवून सोसलं.

आता दुसरी बाजू. सूनबाईचे वडील, म्हणजे माझे व्याही. हे विमा कंपनीतले. मला छंद लागल्याचं कळताच त्यांनाही तोच लागला, कारण व्याह्याने एक पाऊल टाकलं की आपण दीड टाकायचं हा त्यांचा बाणा. त्यांच्या प्रोग्रामचं नाव सरदार. सरदाराचा मुक्काम मात्र भाच्याच्या कार्टूनफिल्मच्या स्टुडिओतून मोडीत काढलेल्या एका अजस्र यंत्रात. कपाटाएवढं धूड. सुरू केलं की पडदे उडायचे. माझ्या यंत्राला विचार करायला जेमतेम दोन डोकी, त्यातलं एक दुपारचं झोपायचं. त्यांच्या यंत्रात डोकीच डोकी, जशी काही सभाच भरलीय. दर रविवारी फोनवरून सामना व्हायचा, आणि दर रविवारी धाकटा हरायचा.

"व्याहीबुवा," व्याही फोनवर हळहळायचे, "खेळला छान हो. पण शेवटी अक्कल लागते."

"अक्कल कसली? यंत्र लागतं!" मी म्हणायचो. "पैलवानाला शेंबड्या पोरासमोर उभं करायचं आणि वर म्हणायचं डावपेच कमी पडले! बरोबरीच्या यंत्रावर या, मग बघू."

हे वाक्य मी इतकी वर्षं म्हटलं की घरातल्या भिंतींना पाठ झालं. वाक्य होतंही नामी. ते म्हटलं की हरण्याचं दुःख निम्मं व्हायचं आणि जेवण जायचं. पण एका रविवारी आमची ही ताट मांडीवर घेऊन बसली असताना आमटीसारखं काहीतरी कलंडलं...

"बाबा, सूप होतं."

सूप कलंडलं, तिच्या नव्या साडीवर. ती उठली, फोन माझ्या हातातून घेतला आणि व्याह्यांनाच सांगितलं, "तुम्ही दोघं एकदा बरोबरीच्या यंत्रांवर खेळूनच टाका. हे हरले तर त्यांचं खोकं माळ्यावर आणि माझं टेबल मला. मग पुन्हा त्या धाकट्याचं नाव या घरात निघायचं नाही." पलीकडून विहीणबाईंचा आवाज आला, "आणि हे हरले तर ते कपाट माझ्या पाहुण्यांच्या खोलीतून बाहेर. कधीचं ठरवा, मी येते."

दोन बायकांनी मिळून ठरवलेल्या गोष्टीला अपील नसतं. मी छाती पुढे काढून "मान्य!" म्हणालो. व्याहीही म्हणाले. आमच्या दोघांच्याही मान्यतेची कोणी वाट बघत नव्हतं, हा भाग वेगळा.

आता बरोबरीची यंत्रं आणायची कुठून? शेजाऱ्यांकडे सल्ले तयारच होते. खालचे दाताचे डॉक्टर म्हणाले, मोठ्या यंत्राची थोडी डोकी उपटून टाका, भूल देऊन. वरच्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाई म्हणाल्या, दोघांना वेळ कमी-जास्त द्या. ज्याचा गळा मोठा त्याने थोडं गावं. एकाने सुचवलं की यंत्रं आपापली ठेवा, प्रोग्राम अदलाबदल करा. त्यावर आम्ही दोघे व्याही एकदम ओरडलो. पोटचं पोर त्या घरी पाठवायचं? सून आणली तेवढं पुरे!

शेवटी प्रकरण गेलं पासंगकाकांकडे. हे आमच्याच इमारतीतले. वजनमापे खात्यात निरीक्षक होते. उभ्या हयातीत त्यांनी काट्याखाली चिकटवलेली चिंच, मेण, लोहचुंबक असं काय काय पकडलं, आणि निवृत्त होताना स्वतःचा जुना तराजू घेऊन घरी आले. जगातला प्रत्येक तंटा तराजूत घालता येतो अशी त्यांची श्रद्धा. ते म्हणाले, "वाचनालयात दोन कॉम्प्युटर आहेत. एका दिवशी आलेले, एकाच बनावटीचे, जुळी भावंडं. तिथे लावा सामना. पंच मी."

वाचनालयात बाईंनी अडवलं. "यंत्रं फक्त वाचकांसाठी आहेत. वापरणार कोण?"

"धाकटा आणि सरदार."

"मग त्यांना घेऊन या. सभासद करून घेऊ."

मी खिशातून पेनड्राइव्हची बोटाएवढी डबी काढून टेबलावर ठेवली. "हा धाकटा."

बाईंनी डबीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा डबीकडे. मला वाटलं आता बाहेरची वाट दाखवतात. पण त्यांनी विचारलं, "बोलतो का हा?"

"छे."

"डबा उघडून खात बसतो? पानं दुमडतो? मासिकातली चित्रं कापून नेतो?"

"अजिबात नाही."

"असा एक तरी वाचक मिळावा म्हणून मी किती वर्षं वाट बघतेय," बाई म्हणाल्या, आणि परवानगी मिळाली.

सामन्याच्या आदल्या दिवशी पासंगकाका तराजू घेऊन हजर. मी म्हटलं, "काका, यंत्रांची ताकद वजनावर नसते." ते म्हणाले, "हे मला प्रत्येक दुकानदार सांगायचा." दोन्ही यंत्रं दोन पारड्यांत चढली, काकांनी श्वास रोखला, आणि डावं पारडं हळूच खाली गेलं. लिंबाएवढाच फरक, पण काकांच्या चेहऱ्यावर जुनं तेज आलं. "उघडा!"

उघडलं. आत धूळ. धूळ म्हणजे तुमच्या-आमच्या घरातली नव्हे. खिडकीपाशी बसून त्या यंत्राने वर्षानुवर्षं रस्ता गिळला होता. मांजर गुरगुटून झोपावं तशी आत धुळीची गादी होती. दुसरं यंत्र कोपऱ्यात वाढलेलं, स्वच्छ. आणि धूळ ही साधी गोष्ट नव्हे. धुळीने यंत्र तापतं, तापलं की पंखा धापा टाकतो, आणि यंत्र स्वतःला जपायला विचार हळू करतं. माणसाचंही चाळिशीनंतर असंच होतं.

"झाडून टाका, झालं," व्याही म्हणाले.

"थांबा," बाई म्हणाल्या. "वाचनालयातली कुठलीही वस्तू बाहेर न्यायची तर वरून मंजुरी लागते."

"अहो, धूळ आहे!"

"मी कुठे सोनं म्हटलं? पण यंत्र वाचनालयाचं म्हणजे यंत्रातलं सगळं वाचनालयाचं. मागे एकाने तुटलेली खुर्ची नेऊन टाकली, त्याची चौकशी अजून चालू आहे."

तेव्हा पासंगकाकांनी तो निवाडा दिला. ते म्हणाले, "बाहेर न्यायची नाही ना? हरकत नाही. वाटून घालू."

देवाशपथ सांगतो, त्या माणसाने रंगाचा ब्रश आणि चहाचा चमचा घेऊन ती गादी उकलली, तराजूत तोलली, तिचे दोन सारखे ढीग केले, आणि एक ढीग त्या स्वच्छ, निरागस यंत्राच्या पोटात नीट पसरला. व्याही शिंकले तर त्यांना दूर उभं केलं, वजन उडेल म्हणून. मग पुन्हा दोन्ही यंत्रं पारड्यांत. काटा मधोमध. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. काही धुळीमुळे असेल.

"जगात कुठल्याही स्पर्धेत," ते म्हणाले, "इतकी बरोबरीची यंत्रं समोरासमोर आली नसतील."

आणि त्या क्षणी मला सामनाच नकोसा झाला.

तुमच्या लक्षात आलं का? माझ्याही तोवर आलं नव्हतं. इतकी वर्षं मी 'यंत्र, यंत्र' म्हणून ओरडलो, आणि आता यंत्राची सबब माझ्या हातातून या गृहस्थाने चमच्याने काढून घेतली होती. उद्या धाकटा हरला तर म्हणायचं काय? धूळ सारखी, वीज सारखी, डोकी सारखी; कमी-जास्त उरलं एकच, ते माझं डोकं. घरी टेबल जाणार, धाकटा माळ्यावर जाणार, आणि रविवारी फोन वाजला की मी काय करणार? पेपर वाचणार? पेपर काय, मी सकाळीच वाचतो.

मी व्याह्यांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत होते. त्यांचा चेहराही माझ्या आरशातल्यासारखाच पडला होता. त्यांनीही इतकी वर्षं 'अक्कल, अक्कल' म्हणून सांगितलं होतं, आणि कपाट तर घरी राहिलं होतं.

मग आम्ही दोघांनीही हरकती घ्यायला सुरुवात केली. सामना पुढे ढकलला जावा, एवढीच माफक इच्छा. मी म्हटलं, त्यांच्या यंत्रावर ऊन येतं. काकांनी पडदा ओढला. व्याही म्हणाले, माझ्या यंत्राचं टेबल डगमगतं. काकांनी पायाखाली पुठ्ठा घातला आणि न्याय म्हणून माझ्याही पायाखाली घातला, मग माझंही डगमगायला लागलं. मी विचारलं, समोरच्याच्या पाळीत आपल्या प्रोग्रामने विचार करायचा की नाही? हा प्रश्न फार गहन आहे, मोठमोठ्या स्पर्धांत त्यावर वाद होतात. मला वाटलं यावर महिना तरी जाईल. पण आमची ही तिथेच उभी होती. ती म्हणाली, "यांना स्वतःच्या पाळीत विचार करायची सवय नाही, दुसऱ्याच्या पाळीत कुठून करणार? दोघांनाही बंदी घाला." काकांनी घातली. व्याह्यांनी शेवटचा बाण काढला: दोन यंत्रं दोन निराळ्या बटणांवर, मग वीज समान कशावरून?

"वा!" काका म्हणाले. "हे माझ्या कसं लक्षात आलं नाही?" आणि त्यांनी दोन्ही यंत्रं एक्स्टेन्शनच्या एकाच पट्टीला जोडून पट्टी भिंतीतल्या एकाच बटणाला लावली. बटण टेबलाखाली, अगदी जमिनीलगत. "एका विहिरीचं पाणी दोघांना," काका म्हणाले. "आता काही उरलं?"

काही उरलं नव्हतं.

सामन्याच्या दिवशी वाचनालयात उभं राहायला जागा नव्हती. कथा-कादंबऱ्यांच्या कपाटांमध्ये माणसं कोंबली होती. आम्ही दोघे व्याही समोरासमोर, प्रत्येकाचा पडदा स्वतःकडे, पाठ समोरच्याकडे. मधे लाकडी पट. यंत्रं एकमेकांशी बोलत नव्हती, म्हणून एकाची चाल दुसऱ्याला सांगायला आणि पटावर मांडायला माणूस हवा होता. काकांनी सूनबाईला नेमलं. तिकडची लेक, इकडची सून; दोन्ही पारडी सारखी.

"बाबा, मी नाही म्हणत होते."

नाही म्हणत होती, पण उभी राहिली. सुरुवातीला धाकटा काय खेळला म्हणून सांगू! प्यादी अशी पुढे गेली की जणू रांग लावून पाणी भरायला निघालीत. सरदाराने घोडा उडवला, धाकट्याने प्रकरण तपासलं. दोन्ही पंखे धापा टाकायला लागले. धुळीचा वास सुटला. पडद्यावर कोपऱ्यात एक आकडा दिसत असतो, त्यावरून प्रोग्रामला आपली स्थिती कशी वाटते ते कळतं. माझ्या पडद्यावरचा आकडा हळूहळू खाली यायला लागला. घाबरण्यासारखं नव्हतं, धाकट्याचा स्वभावच विनयशील. मग तो आणखी विनयशील झाला. मग तर त्याने विनयाची हद्द केली. मला घाम फुटला. आमची ही पहिल्या रांगेत बसून टेबलाकडे बघत होती. वाचनालयाच्या नव्हे, मनातल्या. त्यावर तिने चादर घातलेलीही मला दिसली.

आणि आता ती गोष्ट, जिच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. माझं पेन पडलं. साधं पेन, कोणाचंही पडतं. ते उचलायला मी टेबलाखाली वाकलो. योगायोग बघा, व्याह्यांच्या बुटाची नाडी त्याच वेळी सुटली, म्हणून तेही वाकले. आम्ही खाली असतानाच वर सगळ्या वाचनालयाने एकदम 'अरे!' केलं. वर येऊन बघतो तर दोन्ही पडदे काळे. दोन्ही पंखे गप्प. दोन्ही यंत्रं एकाच क्षणी, एकाच श्वासात, धुळीने गुदमरून थांबली होती!

पासंगकाका उठले. त्यांनी दोन्ही यंत्रांवर हात ठेवून बघितला, सारखीच गरम. "बघा," ते म्हणाले, "बघा! सारखी धूळ, सारखा ताप, आणि सारखा शेवट. तीस वर्षं नोकरी केली, पण माप इतकं अचूक कधी लागलं नव्हतं. यापेक्षा मोठा निकाल मी काय देणार? सामना बरोबरीत."

टाळ्यांच्या कडकडाटात बाईंना पहिल्यांदाच 'शांतता' म्हणायचं भान राहिलं नाही. व्याह्यांनी मला मिठी मारली. मीही मारली. इतक्या वर्षांत आम्ही पहिल्यांदाच इतक्या मनापासून भेटलो. त्यांच्या पाठीवरचा सदरा ओला चिंब होता, माझाही. मला इतकं हलकं वाटत होतं की काकांनी तेव्हा मला तोललं असतं तर पारडं वरच राहिलं असतं. बायकांनी बाजूला जाऊन खल केला. हरलं कोणीच नव्हतं, तेव्हा शब्दाप्रमाणे काही काढून घेता येईना. आता निम्म्या टेबलावर जेवण होतं आणि निम्म्यावर धाकटा. पलीकडे पाहुण्यांनी कपाटाला पाठ लावून झोपायचं ठरलंय, थंडीत ऊब मिळते म्हणतात. रविवारचे फोन चालू आहेत. काल धाकटा पुन्हा हरला. यंत्र, दुसरं काय!

तर अशी ही दोन यंत्रं, केवळ धुळीच्या समान वाटणीमुळे, केसाचाही फरक न पडता एकाच क्षणी बंद पडली. याला शास्त्र म्हणा, न्याय म्हणा. लिहिलंस का, सूनबाई? टाइप केल्याचा आवाज येत नाही.

"नाही लिहिलं."

"का गं?"

"बाबा, मी दोघांच्या मधे उभी होते. मला दोन्ही पडदे दिसत होते. तुमचा धाकटा म्हणत होता मी हरलो, आणि पप्पांचा सरदारही म्हणत होता मी हरलो. आता कोणीतरी एक जण घरी तोंड पाडून जाणार, म्हणून माझाच जीव वर-खाली होत होता. तुमच्या पेनाचं टोपणसुद्धा निघालं नव्हतं, पेन तुमच्या खिशातच होतं. आणि पप्पा चपला घालून आले होते, नाडी कुठून सुटणार? मला माहीत आहे, कारण ते बटण बंद करायला मीच खाली वाकले होते, तर तिथे आधीच तुमचे दोघांचे हात एकमेकांवर!"